स्वच्छतागृहाचे कुलूप, इन्स्टाग्रामची पोस्ट आणि एच-४ व्हिसा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. मुलगी इथल्या सरकारी हायस्कुलात दहावीत आहे. मुले व्हेपिंग करतात म्हणून शाळेने तासांच्या वेळात बहुतेक स्वच्छतागृहांना कुलपे लावायला सुरुवात केली. पाळीच्या दिवसांत मुलींचे त्यामुळे किती हाल होतात, यावर तिने शाळेच्या वृत्तपत्रासाठी लेख लिहिला. शाळेचे नाव खराब होते, असे म्हणून प्रिन्सिपलनी तो छापू दिला नाही. मग शनिवारी घरी बसून तिने तोच लेख स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकला आणि सोमवारी ती व तिच्या मैत्रिणी ‘दारे उघडा’ अशा अर्थाचे इंग्रजी स्टिकर कपड्यांवर लावून शाळेत गेल्या. पोस्टखाली एका मुलाने ‘ही दारे जाळूनच टाकली पाहिजेत’ असे लिहिले. व्हाइस प्रिन्सिपल बाईंनी तिला बोलावून स्टिकर काढायला लावला, फोन उघडून दाखवायला सांगितला (तिने दाखवला नाही) आणि शुक्रवारपर्यंत पोस्ट काढून लेखी माफी दिली नाही तर तीन दिवस निलंबित करू, असे बजावले. आमचे हे म्हणतात की आपण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाचा पत्ता नाही आणि येत्या सुट्टीत मुंबईला जाऊन व्हिसाचे स्टॅम्पिंग करायचे आहे. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे, माफी मागून मोकळे व्हावे. मुलगी म्हणते, माझी चूक दाखवा, मग मागते. मी कोणाचे ऐकू?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर :

प्रिय ताई, स. न. वि. वि.

शुक्रवार जवळ आला आहे, म्हणून आधी करायचे काय ते सांगते. पोस्ट राहू द्यावी. त्या मुलाची जाळपोळीची टिप्पणी मात्र आजच काढून टाकावी. काढण्यापूर्वी तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा. आणि आपल्या मुलीने शाळेचा नेमका कोणता नियम मोडला, हे शाळा लेखी कळवत नाही तोवर तिने माफीच्या कागदावर सही करू नये.

आता कारणे. शाळेने चार वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे, आणि तुमच्या घरातला वादही त्या मोटेवरूनच चालला आहे. न छापलेला लेख, घरून टाकलेली पोस्ट, कपड्यावरचा स्टिकर आणि निलंबनाची धमकी या चारही बाबींना अमेरिकेत वेगवेगळा कायदा लागू होतो. मुळात हा कायदा लागू होतो, कारण ही शाळा सरकारी आहे. भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, आणि सरकारी शाळेची प्रिन्सिपल व व्हाइस प्रिन्सिपल ही या बाबतीत सरकारचीच माणसे ठरतात. मुलगी खासगी शाळेत असती, तर माझे उत्तर बरेच निराळे आणि बरेच आखूड झाले असते.

स्टिकरपासून सुरुवात करते, कारण या विषयातला पायाभूत खटला अशाच एका गोष्टीवरून झाला. डिसेंबर १९६५मध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात काही मुलांनी व्हिएतनाम युद्धातल्या मृतांच्या शोकार्थ आणि युद्धबंदीच्या मागणीसाठी दंडावर काळ्या फिती बांधून शाळेत जायचे ठरवले. शाळांना आधीच कुणकुण लागली आणि फितींवर बंदी घालणारा नियम घाईघाईने करण्यात आला. तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा पंधरा वर्षांचा भाऊ जॉन आणि सोळा वर्षांचा ख्रिस्तोफर एकहार्ट यांनी फिती बांधल्या, त्यांना घरी पाठवण्यात आले, आणि खालच्या न्यायालयांत ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. विद्यार्थी किंवा शिक्षक आपले भाषणस्वातंत्र्य शाळेच्या फाटकाशी उतरवून ठेवून आत येतात असे म्हणता येणार नाही, असे न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी लिहिले आणि शाळांसाठी एक कसोटी घालून दिली : अभिव्यक्तीमुळे शाळेच्या कामकाजात खरोखरच मोठा व्यत्यय आला असेल, तो येईल असे मानायला ठोस आधार असेल किंवा दुसऱ्यांच्या हक्कांवर आक्रमण होत असेल, तरच ती रोखता येते. नुसती गडबडीची मोघम भीती पुरत नाही. या निकालाला कडाडून विरोध करणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक हे एरवी भाषणस्वातंत्र्याचे सर्वांत कट्टर कैवारी मानले जात. तेव्हा मुलांनी बोलू लागणे हे मोठ्यांना, अगदी तत्त्वनिष्ठ मोठ्यांनाही, किती जड जाते हे तिथेच दिसते.

तुमच्या मुलीला विचारण्याचे प्रश्न यातूनच निघतात. स्टिकरमुळे एखादा तास थांबला का, कोणाशी भांडण झाले का, घोषणा झाल्या का? नसतील, तर सोमवारी नेमके काय घडले हे तिने आजच, आठवण ताजी असताना, तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. दुसरे असे, की शाळेत फुटबॉल संघाचे, वर्गणी मोहिमांचे, निवडणुकांचे बिल्ले आणि स्टिकर चालतात का? डे मॉइनच्या शाळांनी इतर राजकीय बिल्ले चालवून घेतले होते आणि फक्त या फिती वेचून काढल्या होत्या, ही गोष्ट निकालात शाळेच्या विरुद्ध गेली. उलट, कपड्यांवर काहीच चिकटवायचे नाही असा सर्वांना सारखा लागू असलेला जुना नियम शाळेकडे असेल, तर शाळेची बाजू बरीच भक्कम होते. म्हणून विद्यार्थ्यांची नियमपुस्तिका आज रात्री उघडून वाचावी.

हा हक्क अमर्याद नाही, हेही सांगायला हवे. शाळेच्या सभेतले अश्लील सूचक भाषण १९८६च्या फ्रेझर खटल्यात संरक्षणाबाहेर गेले, आणि अमली पदार्थांचे समर्थन वाटेल असा फलक २००७च्या मोर्स खटल्यात. तुमच्या मुलीच्या स्टिकरमध्ये यातले काहीच नाही. ‘दुसऱ्यांचे हक्क’ या भागावरून मात्र आजही न्यायालयांत खल चालू आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये सातवीतला एक मुलगा ‘लिंगे दोनच’ अशा अर्थाचा टी-शर्ट घालून गेला, तेव्हा २०२४ साली तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने शाळेची बंदी उचलून धरली आणि २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. दोन न्यायमूर्तींनी त्या नकाराला विरोध नोंदवला. त्या मुलाचे मत मला पटत नाही, तरीही शाळेने इतक्या सहज जिंकायला नको होते असे मला वाटते. आपल्या मुलीसाठी आपण जी कसोटी मागतो, ती त्यालाही मिळायला हवी.

शाळेच्या वृत्तपत्रातला लेख ही निराळी बाब आहे आणि इथे बहुतेक पालक गोंधळतात. मिझुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या प्रिन्सिपलनी १९८३मध्ये विद्यार्थ्यांच्या अंकातली दोन पाने काढून टाकली, कारण त्यांत किशोरवयीन गर्भारपण आणि आईवडिलांचा घटस्फोट यांवरचे लेख होते. १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी प्रिन्सिपलची बाजू घेतली. शाळेच्या नावाने, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघणाऱ्या वृत्तपत्रावर शैक्षणिक हेतूशी सुसंगत अशा कारणासाठी शाळा नियंत्रण ठेवू शकते, असे न्यायालयाने ठरवले. तुमच्या प्रिन्सिपलना बहुधा हेच माहीत असावे.

पण संघराज्याची घटना किमान संरक्षण ठरवते. त्याहून अधिक देण्याला राज्यांना आडकाठी नसते. कॅलिफोर्नियाने हेझलवूडच्याही आधी, १९७७मध्ये, विद्यार्थी पत्रकारांना संरक्षण देणारा कायदा केला, आणि न्यू जर्सीने तसा कायदा डिसेंबर २०२१मध्ये केला. तो सरकारी शाळांना लागू आहे. त्यानुसार शाळेच्या वृत्तपत्रात काय जावे हे ठरवण्याचा हक्क प्रामुख्याने विद्यार्थी पत्रकारांचा आहे; बदनामीकारक खोटा मजकूर, कोणाच्या खासगी आयुष्यात अकारण घुसखोरी, कायद्याचा भंग किंवा शाळेचे कामकाज बिघडवण्याची चिथावणी, अशा ठरावीक कारणांसाठीच शाळा हात घालू शकते. शाळेचे नाव खराब होते, हे त्या कारणांत बसत नाही. विद्यार्थ्यांची पाठराखण केल्याबद्दल वृत्तपत्राच्या मार्गदर्शक शिक्षकांवर सूड उगवता येत नाही, अशी तरतूदही त्यात आहे, म्हणून त्या शिक्षकांना एकदा विश्वासात घ्या. लेख कोणत्या कायदेशीर कारणाने अडवला, एवढे एकच वाक्य प्रिन्सिपलकडे लेखी मागायचे आहे. ‘स्टुडंट प्रेस लॉ सेंटर’ ही संस्था विद्यार्थी पत्रकारांना अशा प्रसंगी फोनवर विनामूल्य कायदेशीर मार्गदर्शन करते. तिथे मुलीने स्वतः बोलावे. या वयात वकिलाला आपले म्हणणे नीट मांडता येणे हेही शिक्षणच आहे.

एक शंका मात्र मला लेखाबद्दलच आहे. पाळीच्या दिवसांत काय सोसावे लागले, हे ज्या मुलींनी तुमच्या मुलीला सांगितले, त्यांची नावे किंवा त्या ओळखू येतील असे तपशील लेखात आहेत का? असतील आणि त्यांनी इन्स्टाग्रामसाठी स्पष्ट होकार दिला नसेल, तर तेवढा भाग तिने आजच बदलावा. शाळेच्या वृत्तपत्रासाठी दिलेला होकार इन्स्टाग्रामला आपोआप लागू होत नाही, आणि हे मी कायद्यापेक्षाही मैत्रिणींच्या मानाखातर सांगते आहे.

आता पोस्टकडे वळू. हीच खरी धमकीची जागा आहे आणि इथेच तुमच्या मुलीची बाजू सर्वांत बळकट आहे. तुमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या ब्रँडी लेव्ही या शाळकरी मुलीला वरिष्ठ चीअरलीडिंग संघात जागा मिळाली नाही, तेव्हा तिने शनिवारी शाळेबाहेरच्या एका दुकानातून शाळेला आणि चीअरलीडिंगला शिव्या घालणारी पोस्ट स्नॅपचॅटवर टाकली. शाळेने तिला वर्षभरासाठी कनिष्ठ संघातून काढले. प्रकरण आधी फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयात गेले, ज्याच्या अधिकारक्षेत्रात तुमचे न्यू जर्सीही येते, आणि जून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी मुलीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी दिलेली कारणे तुमच्या यजमानांनी मुळातून वाचावीत अशी आहेत. शाळेबाहेर मूल आईवडिलांच्या जबाबदारीवर असते, शाळेच्या नव्हे. शाळेच्या आतले आणि बाहेरचे असे सगळेच बोलणे शाळेच्या नियंत्रणाखाली आले, तर त्या मुलाला चोवीस तासांत कुठेच बोलता येणार नाही. आणि लोकांना न आवडणाऱ्या मतांचे रक्षण करण्यात खुद्द शाळेचेही हित आहे, कारण सरकारी शाळांत लोकशाहीची रोपे वाढतात. ब्रँडीच्या पोस्टमध्ये शिव्याच होत्या. तुमच्या मुलीने तर स्वच्छतागृहांच्या कुलपांवर सभ्य भाषेत लेख लिहिला आहे.

तरीही त्याच निकालाने शाळेचा हात पूर्णपणे बांधलेला नाही. गंभीर छळ, एखाद्याला लक्ष्य करणे आणि धमक्या यांबाबत शाळा शाळेबाहेरच्या बोलण्याचीही दखल घेऊ शकते. म्हणूनच जाळपोळीची ती टिप्पणी तुमच्या घरातल्या वादात जितकी किरकोळ मानली गेली तितकी ती नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले, त्यानंतर धमकीसारखा एक शब्द दिसला तरी इथल्या शाळा पोलिसांना फोन करतात, आणि त्यांना त्याबद्दल फारसा दोष देता येत नाही. ते वाक्य तुमच्या मुलीचे नाही आणि बहुधा त्या मुलाने ते चेष्टेतच लिहिले असेल. पण तिच्या पोस्टखाली ते राहू दिले, तर आतापर्यंत शाळेच्या हाती न लागलेले एकमेव सबळ कारण आपण होऊन शाळेच्या हाती दिल्यासारखे होईल. पोस्ट राखायची असेल तर ती टिप्पणी गेली पाहिजे.

फोनचे म्हणाल, तर मुलगी योग्य वागली. शाळेतल्या झडतीचा प्रमुख खटला तुमच्या अगदी शेजारच्या पिस्कॅटवे हायस्कूलमधलाच आहे : तिथल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या पर्सची झडती घेण्यावरून तो झाला आणि १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शाळेला वॉरंट लागत नाही, पण रास्त संशय लागतो आणि झडती त्या संशयापुरतीच असावी लागते. जी पोस्ट सगळ्यांना उघड दिसते आहे, तिच्यासाठी फोनच्या आत डोकावण्याचे कारण मला दिसत नाही. पुन्हा तसा प्रसंग आला, तर तिने वाद न घालता, ‘आधी आईशी बोलायचे आहे’ एवढेच म्हणावे. आणि निलंबनाबद्दल १९७५चा गॉस विरुद्ध लोपेझ हा निकाल स्पष्ट आहे : दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनातही विद्यार्थ्याला आरोप काय आहे ते सांगावे लागते, तो नाकारला तर पुरावा काय आहे ते सांगावे लागते आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ‘शुक्रवारपर्यंत काढ, नाहीतर तीन दिवस’ यात यातले काहीही झालेले दिसत नाही.

आता तुमच्या यजमानांच्या भीतीविषयी. ती मी हसण्यावारी नेणार नाही.

पाहुण्याने गप्प राहावे, हे कायद्याचे म्हणणे नाही. अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणस्वातंत्र्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४५मध्ये ब्रिजेस खटल्यात म्हटले, आणि टिंकरपासून आजपर्यंतच्या शालेय खटल्यांत मुलाचे नागरिकत्व हा निकष कधी आला नाही. शाळेच्या शिस्तीच्या नोंदी इमिग्रेशन खात्याकडे आपोआप जात नाहीत. १९७४च्या फर्पा कायद्याने काही अपवाद सोडता त्या पालकांच्या संमतीशिवाय बाहेर देता येत नाहीत, आणि त्या पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागितल्यावर शाळेने पंचेचाळीस दिवसांत त्या दाखवल्या पाहिजेत. आणि पाहुणेपणाचेच म्हणाल, तर न्यू जर्सीत घरमालक भरतात त्या प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा हिस्सा शाळांवर खर्च होतो. भाड्याने राहत असाल तरी तो तुमच्या भाड्यातून जातोच.

पण व्हिसाच्या खिडकीवरचे गणित न्यायालयापेक्षा निराळे असते, आणि हे लपवणे तुमच्यावर अन्याय होईल. मार्च २०२५मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या रुमेसा ओझ्तुर्क या तुर्की संशोधक विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द करून तिला ताब्यात घेण्यात आले. विद्यार्थी वृत्तपत्रातल्या एका लेखाच्या लेखकांत तिचे नाव होते, आणि तो लेख गाझा व इस्राएल यांच्याबाबत विद्यापीठाने घ्यायच्या भूमिकेवर होता. सहा आठवड्यांहून अधिक काळ ती लुइझियानात अडकून होती, आणि मे महिन्यात न्यायाधीशांच्या आदेशाने सुटली. शिवाय डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि एच-४ व्हिसाच्या अर्जदारांच्याही सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली असून खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जाते. म्हणजे मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतला अधिकारी तुमच्या मुलीचे इन्स्टाग्राम पाहू शकतो, आणि व्हिसा नाकारण्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची वाट फारच अरुंद असते.

तरीही माझे मत बदलत नाही, कारण विषय पाहावा लागतो. शाळेतली स्वच्छतागृहे उघडी ठेवा, असे म्हणणाऱ्या दहावीतल्या मुलीच्या लेखात परराष्ट्र धोरण नाही, कोणत्या संघटनेचे समर्थन नाही, हिंसेची भाषा नाही. टिप्पणी काढल्यावर तर तिचा लवलेशही उरणार नाही. उलट, निलंबन आणि केलेल्या कृत्याची लेखी कबुली हे कागद पुढे कॉलेजच्या अर्जांत जास्त अडचणीचे ठरतील. घाईने दिलेली माफी सुरक्षित आहे, हे तुमच्या घरात गृहीत धरलेले दिसते; मला ते मान्य नाही. मात्र स्टॅम्पिंगच्या प्रवासापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी तासभर बोलून घ्या. हे सदर त्या वकिलाची जागा घेऊ शकत नाही, आणि तुमची फाइल मी पाहिलेली नाही.

यजमानांशी बोलताना मुलीला शेजारी बसवा. ज्या सावधपणाने त्यांनी हे कुटुंब इथवर आणले, तो तिला दिसायला हवा, आणि व्हिसाची जोखीम किती आहे व किती नाही हे तिनेही मोजायला हवे. सगळे समजून घेऊन तिने स्वतःच पोस्ट काढायची ठरवली, तर ती हार मानू नका. फक्त ते ‘आमच्यामुळे’ होता कामा नये, आणि त्यासोबत खोटी माफी जाता कामा नये.

शुक्रवारच्या आत ईमेल तुमच्या दोघांच्या नावाने जावा, मुलीच्या नावाने नव्हे. प्रिन्सिपल आणि व्हाइस प्रिन्सिपल यांना, प्रत सुपरिंटेंडेंटना. भाषा थंड ठेवा. पोस्टखालची आक्षेपार्ह टिप्पणी, जी आमच्या मुलीची नव्हती, ती तिने काढली आहे, हे पहिल्या ओळीत सांगा. मग चार गोष्टी विचारा : नियमपुस्तिकेतला कोणता नियम मोडला, सोमवारी कोणता व्यत्यय आला, लेख राज्याच्या कायद्यातल्या कोणत्या कारणाने अडवला, आणि निलंबनाचा विचार असल्यास मुलीचे म्हणणे कधी ऐकले जाईल. निलंबन झालेच, तर त्याच दिवशी ‘एसीएलयू’ या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या न्यू जर्सी शाखेला कळवा.

आणि या सगळ्या गदारोळात कुलपे तशीच आहेत. न्यू जर्सीत शिक्षण मंडळाच्या प्रत्येक जाहीर बैठकीत नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. पुढच्या बैठकीची तारीख डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर मिळेल. मुलीने तिथे लेखातला मुद्दा मांडावा, आणि मागणी मोजकी ठेवावी : प्रत्येक मजल्यावर मुलींचे एक स्वच्छतागृह दिवसभर उघडे राहावे, व्हेपिंगची चिंता असेल तर दाराबाहेर कोणीतरी मोठे माणूस उभे करावे, आणि पाळीच्या वेळी परवानगीची चिठ्ठी मागू नये. तुम्ही दोघे सोबत जा.